वाचलेलं ताट पोचवायचं कसं: नाशिककरांसाठी उपवास आणि अन्नदानाची रीत

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याही किराणा दुकानात जा. साबुदाणा, शेंगदाणे, भगर, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा तिखट कीस, वेफर्स, खजूर अशी पिशवी भरते आणि रोजच्या दोन जेवणांपेक्षा उपवासाचा दिवस महाग पडतो. अंगही जड होतं. मग आपण सोडलं काय, आणि ते कुणाला मिळालं?

आपल्याकडच्या जुन्या व्रतांमध्ये नियम, पूजा, दान आणि पारणं हे सगळं एकाच माळेत येतं. सोळा सोमवारांचं उद्यापन असो की चातुर्मासातला एखादा नेम, शेवटी कुणाला तरी जेवू घातल्याशिवाय, शिधा किंवा वाण दिल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. आज नियम आणि पारणं राहिलं आहे, दान मात्र बाजूला पडलं आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की आपण जे खाल्लं नाही ते मोजून बाजूला काढावं आणि पारण्याआधी ते गरजवंताच्या घरी पोचलेलं असावं. हे कसं करायचं, नाशिकमध्ये कुठे करायचं, काय द्यायचं आणि काय देऊ नये, ते क्रमाने सांगते.

आधी प्रकृती, मग संकल्प

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात आणि अन्न नाही, अशा वेळी साखर झपाट्याने खाली येते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक चिडचिड ही तिची लक्षणं. मशीनवर ७०च्या खाली आकडा दिसला तर उपवास तिथेच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. देव यात अडथळा आणत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असलेले, अशक्त म्हातारी माणसं यांनी उपाशी राहण्याच्या भानगडीत पडू नये. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निर्जळी धरू नका. आणि गोळ्या मनाने बंद करणं हे सगळ्यात वाईट.

अशा माणसांना व्रत नाही असं मात्र नाही. चातुर्मासात एखादा आवडीचा पदार्थ सोडायची पद्धत आपल्याकडे आहेच. आजोबांनी चार महिने संध्याकाळचा दुसरा चहा सोडला आणि त्याचे पैसे डब्यात टाकले, तर त्यांचं व्रत घरातल्या कुणाहीपेक्षा कमी नाही.

संकल्प छोटा धरा. वर्षात २४ एकादशा येतात, अधिक महिना असला तर २६. पहिल्याच वर्षी सगळ्या एकादशा, सगळे सोमवार आणि संकष्ट्या अंगावर घेऊ नका. महिन्याची एक एकादशी किंवा श्रावणातले सोमवार पुष्कळ झाले. संकल्प सोडताना दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणा: मी काय खाणार नाही, आणि ते कुणाला देईन. दुसरा भाग आधीच ठरलेला नसेल तर तो राहून जातो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

उपवासाचं ताट: एकच पदार्थ

घरात नियम करा की उपवासाला फराळाचा एकच पदार्थ, एकाच वेळी. बाकी वेळ पाणी, ताक, एखादं फळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच. शेंगदाण्याच्या कुटामुळे खिचडीला थोडा आधार मिळतो, पण तूप आणि बटाटा घालून ती रोजच्या जेवणापेक्षा जड होते. राजगिरा आणि भगर त्या मानाने कितीतरी बऱ्या. एका ताटलीत भगर, वर शेंगदाण्याची आमटी, बाजूला ताकाचा पेला. दिवसभराला एवढं पुरतं. रिकाम्या पोटी चार वेळा चहा घेऊन पित्त वाढवणारे आपल्यात खूप आहेत. त्यांनी चहाची जागा कोमट पाण्याला द्यावी.

भगरीबद्दल जरा थांबून सांगते, कारण ती आपल्याकडची. तिची वरई पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारावर पिकते आणि भगरीच्या मिल नाशिकमध्ये आहेत. पण दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवल्यानेही पुरतं जात नाही. उलट्या, चक्कर, अंगाला कंप ही लक्षणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या लोहा तालुक्यात आणि बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात धार्मिक कार्यक्रमांत एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो भाविकांना विषबाधा झाली होती. म्हणून सुटी भगर घेऊ नका, बंद पाकीट घ्या, तारीख बघा. पीठ शक्यतो विकत आणूच नका, कारण ते ओल लवकर धरतं. दाणे परातीत पसरून काळपट, चिकटलेले गोळे आहेत का ते पाहा. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, निथळा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, मग दाण्याच्या अडीचपट उकळतं पाणी घाला. लागेल तेवढीच करा आणि गरम असतानाच संपवा. रात्रीची भगर सकाळी खाऊ नये आणि ती कुणाला देऊही नये.

आमटी अशी: भाजलेले, साल काढलेले शेंगदाणे हिरवी मिरची आणि जिऱ्याबरोबर पाणी घालून अगदी गंधासारखे वाटायचे. तुपात जिरं तडतडलं की हे वाटण, पाणी, चार आमसुलं, लिंबाएवढा गूळ, सैंधव. उकळी फुटून वर तेलाचा तवंग दिसला की उतरवायची.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांनी नुसत्या पाण्यावर निघू नये. लहान फेरीसुद्धा वीस किलोमीटरच्या आसपास आहे, चढउतार आहे, पाऊस आहे. खिशात गुळाचा खडा, शेंगदाणे आणि पाण्याच्या बाटलीत लिंबू, साखर, चिमूटभर सैंधव असू द्या. पायात गोळे आले की बसा.

वाचलेलं मोजा

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि सगळं त्याच्यावर उभं आहे. 'काहीतरी देऊ' असं म्हटलं की काहीच दिलं जात नाही.

मोठ्या माणसाच्या एका जेवणाला साधारण तीन पोळ्यांची कणीक १०० ग्रॅम, तांदूळ ५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम धरा. चौघांच्या घरात एक जेवण वगळलं की ४०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम तांदूळ, १२० ग्रॅम डाळ वाचते. महिन्यात दोन एकादशा आणि दोन्ही जेवणं धरली तर १ किलो ६०० ग्रॅम कणीक, ८०० ग्रॅम तांदूळ आणि जवळजवळ अर्धा किलो डाळ. तेल, भाजी, गॅस वेगळं. तुम्ही फराळ करणार असाल तर त्याचा खर्च यातून वजा करा. वजा करून हातात काहीच उरत नसेल तर फराळ कमी करायची वेळ आली आहे.

स्वयंपाकघरात ओट्याखाली एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वेगळा ठेवा. रोज सकाळी कणीक मळताना, तांदूळ धुताना एक मूठ त्यात टाकायची. ही मूठ काढून ठेवायची रीत अनेक घरांत आजीच्या हातची आहे. लहान मुलाच्या हाताने ती टाकून घेतली की मूल विसरत नाही आणि मग घरातलं कुणीच विसरू शकत नाही. डाळ-तांदळाला कीड लागू नये म्हणून तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. पैशांसाठी दुसरी बरणी: उपवासाच्या दिवशी टाळलेला बाहेरचा चहा, वडापाव, मुलांचं आइस्क्रीम यांचे पैसे तिथे. महिनाअखेरीला दोन्ही रिकामं करायचं. साठत गेलं की मोह होतो.

कुणाला

रामकुंडावर, गोदाघाटावर, कपालेश्वराच्या पायऱ्यांपाशी एकादशीला, सोमवारी, अमावास्येला देणाऱ्यांची रांग लागते. सर्वपित्रीला तर अन्न घाटावर पडून राहतं आणि नदीत जातं. घाटावर बसणारी एक आजी एकदा मला म्हणाली, "आज नको गं बाई, सकाळपासून चौथी खिचडी आली. परवा ये, परवा कुणी येत नाही." तेव्हापासून मी घाटावर सणाला देत नाही. नवमी, त्रयोदशी, साधा मंगळवार, पावसाची दुपार, असे दिवस निवडते. तुम्हाला घाटावरच द्यायचं असेल तर तसेच दिवस धरा.

सिव्हिल हॉस्पिटल ही दुसरी जागा. दाखल रुग्णाला जेवण मिळतं, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला नाही. सुरगाणा, हरसूल, पेठ, कळवणकडून आलेली आई किंवा भाऊ कित्येक दिवस बाहेर ओट्यावर, झाडाखाली काढतात. हातात असलेले पैसे औषधं आणि परतीच्या एसटीसाठी धरून ठेवलेले असतात. या लोकांना रात्रीचं साधं जेवण, चहा, अंगाचा साबण, एक बादली, चादर यांची गरज असते. वॉर्डात थेट शिरू नका. आधी तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा की कुणाला काय हवं आहे. त्यांना माहीत असतं.

तिसरे म्हणजे रोजंदारीवर जगणारे. डोंगरपट्ट्यातून कामासाठी शहरात उतरलेली कुटुंबं पेठ नाक्यासारख्या ठिकाणी सकाळी कामाच्या शोधात उभी राहतात, आणि दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फेब्रुवारी-मार्चची काढणी असं फिरत राहतात. छाटणीच्या दिवसांत हाताला काम असतं. पावसाळ्यात मधले आठवडे कोरडे जातात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत गावाकडे मागच्या वर्षीची नागली, भात संपत आलेला असतो, नवं धान्य दिवाळीच्या आसपास घरात येणार असतं. आपला चातुर्मास आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत. आपण खाणं आवरतो तेच दिवस शेजारच्या तालुक्यांत सक्तीने आवरलेले असतात. वर्षातला दानाचा मोठा भाग या चार महिन्यांकडे वळवा, असा माझा आग्रह आहे. भगर, नागली विकत घेतानाही शक्य असेल तिथे तिकडच्या बचतगटाच्या बायकांकडून घ्या आणि भाव पाडून मागू नका. गिऱ्हाईक म्हणून नीट वागणं हाही दानाचाच भाग आहे.

आणि सगळ्यात जवळचं घर विसरू नका. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, इमारतीचे वॉचमन दादा, नवरा गेलेली गल्लीतली वहिनी. इथे फार हळुवार हात लागतो, कारण उद्या पुन्हा तोंड दिसायचं आहे. मावशींना देताना पगारातून वळता केल्यासारखं वाटता कामा नये. पगार वेळेवर आणि पुरा, सुट्टीचे पैसे न कापता, हे आधी. दान त्यानंतर.

देताना जात, गाव, धर्म विचारायचा नाही. हे नाशिकमध्ये मुद्दाम लिहावं लागतं. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचं दार अस्पृश्य मानलेल्यांनाही उघडावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो याच पंचवटीत. ज्या पायऱ्यांवर माणसं अडवली गेली, तिथून चार पावलांवर आपण पुण्य जोडायला जातो, तेव्हा पंगतीत कोण बसलं आहे हे पाहायचा हक्क आपल्याला उरत नाही.

काय द्यायचं

बहुतेक जण गहू-तांदूळ देतात. ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे त्यांना प्राधान्य गटात माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यांच्या घरात अडतं ते डाळीवर, तेलावर, चहा-साखरेवर, साबणावर. म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: "ताई, रेशन मिळतं का?" मिळत असेल तर गहू नको. मिळत नसेल, कार्ड गावाकडे असेल, तर धान्य द्याच, आणि जमलं तर इथल्या रेशन दुकानात त्याच कार्डावर धान्य घेता येतं हेही सांगा. देशभरात कुठेही उचल करायची सोय झाली आहे, पण आधार जोडलेलं असावं लागतं. एका दुपारी कुणाबरोबर रेशन दुकानात जाऊन उभं राहिलात तर ते वर्षभराच्या शिध्याएवढं काम होतं.

पाच माणसांच्या कुटुंबाचा कोरडा शिधा मी असा बांधते: तूरडाळ १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेलाची १ लिटरची पिशवी, साखर १ किलो, गूळ अर्धा किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो, लाल तिखट २०० ग्रॅम, हळद, अंगाचे आणि कपड्यांचे साबण. घरात बाई किंवा वयात आलेली मुलगी असेल तर सॅनिटरी पॅड, वेगळ्या कागदी पुडक्यात. तिखट आणि हळद आपल्या घरात येते त्याच दुकानातली, त्याच प्रतीची. 'द्यायला' म्हणून दुकानदार वेगळी स्वस्त डाळ दाखवतात, ती घेऊ नका. डब्यातली मुठीची कणीक-तांदूळ ज्यांना रेशन नाही त्यांच्या शिध्यात जातात. तेल तळाशी, त्यावर साखर-मीठ, मग डाळ-शेंगदाणे, चहा-तिखट वर आणि साबण वेगळ्या पिशवीत. एकत्र ठेवलं की चहाला साबणाचा वास लागतो आणि तो चहा कुणी पिऊ शकत नाही. सगळं जाड कापडी पिशवीत घाला. प्लॅस्टिक शेवटी गोदेतच जातं.

शिजवलेलं अन्न द्यायचं असेल तर त्याचे नियम कडक आहेत. पोळी, सुकी बटाट्याची भाजी, मसालेभात, भाजी घालून खिचडी हे टिकतं. पातळ आमटी, खोबऱ्याचं वाटण, दुधाचे पदार्थ, मावा, कापलेली फळं टाळा. करून दोन तासांत माणसाच्या हातात गेलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. आंबूस वास आला, तार सुटली की गायीलाही घालू नका. पंचवीस माणसांपेक्षा जास्तीचा स्वयंपाक पहिल्या वर्षी घरातून करू नये. एखाद्या चालत्या अन्नछत्राला किंवा गुरुद्वाऱ्याच्या लंगरला शिधा नेऊन द्या आणि दोन तास पोळ्या लाटायला, भांडी घासायला बसा.

कपडे द्यायचे तर धुतलेले, बटणं असलेले. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकला येतात तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीची थंडी असते. त्या वेळी फराळापेक्षा कांबळं आणि पहाटेचा गरम चहा जास्त उपयोगी पडतो.

देताना

उभ्याने वरून देऊ नका. बसलेला माणूस असेल तर तुम्हीही बसा. आजी, बाबा, मावशी, दादा अशी हाक मारा, "जेवण झालं का?" विचारा, आणि उत्तर ऐका. 'नको' म्हणाले तर आग्रह नाही. दोन्ही हातांनी द्या. पिशवी ठेवली की निघा, आशीर्वादाची वाट बघत थांबू नका. फोटो काढायचा नाही, मुलाच्या वाढदिवसाचाही नाही, ग्रुपवर टाकायला तर मुळीच नाही. पंगतीत आपलं तोंड कुणी टिपावं असं आपल्याला वाटेल का?

संत गाडगेबाबांची आठवण इथे येणं साहजिक आहे. १८७६ ते १९५६ एवढ्या आयुष्यात त्यांनी हातात खराटा आणि फुटकं मडकं घेऊन गावं झाडली, आणि भाकरी घ्यायची तर आधी काम करून. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. नाशिकची त्यातलीच एक. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, हा क्रम त्यांनी लावून दिला आहे. नवस, पशुबळी आणि कर्ज काढून केलेल्या सणांना त्यांचा कडक विरोध होता. म्हणून उधारीवर अन्नदान करू नका. डब्यात जेवढं असेल तेवढंच.

पैसे द्यायचे असतील तर संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का ते पाहा, पावती घ्या. करसवलत हवी असेल तर रोख २००० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका, ऑनलाइन किंवा चेकने द्या. धान्याच्या दानावर सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर पैशाच्या दानावरही नाही. सिग्नलवरच्या लहान मुलांच्या हातात पैसे ठेवू नका. मूल अडचणीत दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवा.

पारणं

एकादशीचं पारणं द्वादशीला सकाळी, संकष्टीचं चंद्रोदयानंतर, सोमवारचं बहुतेक घरांत संध्याकाळी. शिधा त्याआधी पोचलेला असावा. जुन्या नाशकात, दूधबाजार आणि चौक मंडईच्या बाजूला रमजानचे उपवास धरणारे आपले शेजारी हे फार काटेकोरपणे पाळतात. फित्रा, म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरलेलं धान्य किंवा त्याची किंमत, ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या हातात जायलाच हवी. ईदच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये म्हणून. त्यांच्याकडून ही शिस्त घ्यावी. आपल्याकडेही जेवणाआधी गायीचा, कावळ्याचा, अतिथीचा वाटा काढायची पद्धत आहेच.

सोडताना आधी कोमट पाणी, मग ताक किंवा मऊ वरणभात, वर तूप. भजी, पुरणपोळी दुपारनंतर. निर्जळी केली असेल तर पहिला तासभर फक्त पातळ पदार्थ घ्या.

नेम टिकवायचा तर

पांडवलेण्यावर, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले: एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा: २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. एक नाणंही इकडचं तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून नोंदवून ठेवला असंही लेखात आहे. दान देणारा मेला तरी पावसाळ्यात कापड मिळावं, अशी व्यवस्था त्याने लावली.

आपण तेवढे श्रीमंत नाही, पण पद्धत घेता येते. एका कुटुंबासाठी जवळच्या किराणा दुकानात खातं उघडा. महिन्याला ५०० रुपयांची डाळ, तेल, चहा ते स्वतः जाऊन घेतील, काय हवं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. महिन्याच्या पाच तारखेला तुम्ही पैसे भरायचे. तुमचा चेहराही मध्ये यायची गरज नाही. कुणाला निवृत्तीच्या रकमेतून एक लाखाची ठेव वेगळी ठेवता आली, तर सहा टक्क्यांनी तिचं व्याज नेमकं महिना ५०० होतं. चार-पाच घरांनी मिळून केलं तर एका वहीत नोंद ठेवा: तारीख, रक्कम, काय घेतलं. कुटुंबाचं नाव त्या वहीत लिहू नका, खूण घाला.

बदली झाली, नोकरी गेली, आजारपण आलं आणि थांबावं लागलं, तर त्या घराला निदान महिनाभर आधी सांगा. अचानक दुकानदाराकडून 'खातं बंद झालं' असं कळू देऊ नका. शेवटच्या महिन्याचा शिधा थोडा जास्त द्या, आणि शक्य असेल तर तुमच्या जागी दुसरं कुणी जोडून द्या. शेजारच्या काकूंना विचारा. बहुतेक घरांत त्या स्टीलच्या डब्याला जागा असते, कुणी विचारलेलं नसतं एवढंच.